गॉडफ्रे हाउन्सफिल्ड

सर गॉडफ्रे न्यूबोल्ड हाउन्सफिल्ड (जन्म : २८ ऑगस्ट १९१९, न्यूआर्क, इंग्लंड, मृत्यू : १२ ऑगस्ट २००४) हे सीटी स्कॅन यंत्र विकसित करणारे ब्रिटिश विद्युत अभियंते होते. त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती.

साध्या क्ष-किरण चित्रात कवटीआडचा मेंदू जवळजवळ दिसतच नसे. ईएमआय कंपनीत असताना हाउन्सफिल्ड यांनी अनेक कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून संगणकाद्वारे छेदचित्र तयार करण्याची पद्धत शोधली. पहिल्या प्रायोगिक यंत्रातील गॅमा किरणांचा स्रोत दुर्बल असल्याने एका चित्रासाठी ९ दिवस लागले. क्ष-किरण नलिका बसविल्यावर ९ तास. जिवंत रुग्णासाठी हाही वेळ निरुपयोगीच होता. अखेर तो काही मिनिटांवर आला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि तिच्या मेंदूतील विकृती चित्रात स्पष्ट दिसली.

डोके स्थिर ठेवता येते. छाती व पोट मात्र श्वासाबरोबर हलतात. त्यामुळे पूर्ण शरीराच्या यंत्रात अनेक संवेदक एकत्र बसवून हा अवधी सुमारे २० सेकंदांवर, म्हणजे श्वास रोखून धरता येईल इतका, आणण्यात आला.

१९७९ मध्ये त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्मॅक यांनी यामागील गणित स्वतंत्रपणे आधीच मांडले होते. ऊतींची घनता दर्शविणाऱ्या हाउन्सफिल्ड मापश्रेणीत पाण्याचे मूल्य ० व हवेचे −१००० असते.