आजचं वचन : १ तीमथ्य ४:१२ (पंधरा वर्षांचा मिशनरी)

पौल तरुण तीमथ्याला वयाबद्दल धीर देतो, तो भाग आज वाचला आणि मला जोसेफ एफ. स्मिथ आठवले.

१८४४ मध्ये वडील हायरम यांना कार्थेजच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या, तेव्हा जोसेफ पाच वर्षांचा होता. तेराव्या वर्षी आई मेरीही गेली. पोरगा तापट झाला. धाकट्या बहिणीला मार बसू नये म्हणून मास्तरांनाच भिडला आणि शाळा सुटली. आपण असल्या मुलाला बहुतेक समुपदेशकाकडे पाठवलं असतं; चर्चने १८५४ मध्ये त्याला मिशनरी म्हणून हवाईला पाठवलं! खिशात पैसे नव्हते. वाटेत कॅलिफोर्नियात मजुरी करून त्याने जहाजाचं भाडं जमवलं.

माउई बेटावर पोचला तर भाषेचा एक शब्द कळेना, त्यात गंभीर आजारी पडला. महुही नावाच्या हवाईयन बाईने त्याला स्वतःच्या घरी ठेवून पोटच्या मुलासारखं जपलं. बरा झाल्यावर प्रार्थना करत, लोकांचं ऐकत तो शंभरेक दिवसांत हवाईयन बोलू लागला. त्यांच्यातच राहायचं, ते खातात ते पोई खायचं, पायी हिंडून उपदेश करायचा. १८५८ मध्ये घरी परतला तेव्हा वय १९.

१९०१ मध्ये ते चर्चचे अध्यक्ष झाले. पुढे एकदा होनोलुलूला उतरले तेव्हा स्वागताला मोठी गर्दी होती. तिच्यात एक आंधळी म्हातारी त्यांना ‘इओसेपा’ म्हणून हाका मारत होती, हातात थोडी केळी घेऊन. सगळ्यांना सोडून ते तिच्याकडे धावले. महुहीच होती ती.