मगनवाडीतला हिशेबतपासनीस

बँकेच्या नोकरीत अनुदानाच्या फायली मी पुष्कळ हाताळल्या. गोबरगॅसचे अनुदान, विहिरीचे अनुदान, पाणलोटाचे अनुदान. प्रत्येक फायलीच्या शेवटी एक कागद असायचा, उपयोगिता प्रमाणपत्र. पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाला, असे लिहून सही-शिक्का उमटला की फाइल बंद. एकदा अशाच बंद झालेल्या फायलीतला गोबरगॅस बघायला वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो. टाकी होती, घुमट होता, दावणीला मात्र एकही जनावर नव्हते. कागदात खोट काहीच नव्हती! परतताना वर्ध्यात मगनवाडी लागली आणि जे. सी. कुमारप्पांची आठवण झाली. हा माणूस पेशाने हिशेबतपासनीसच. पण त्यांची तपासणी शिक्क्यापाशी थांबत नसे.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला, एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. लंडनला हिशेबशास्त्र शिकून ते मुंबईत व्यवसाय करू लागले. सुटाबुटातला, साहेबी राहणीचा हा तरुण पुढे अमेरिकेत शिकायला गेला आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना त्याला आपल्या देशाच्या दारिद्र्याचे मूळ सापडले. सरकारचा जमाखर्च वाचता येणाऱ्याला लूटही वाचता येते. तो प्रबंध घेऊन ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे काम दिले. कॉर्नेलियस हे नाव मागे पडले, घराण्यातले कुमारप्पा हे नाव आले आणि अंगावर खादी चढली.

त्यांची खरी कसोटी लागली ती बिहारमध्ये. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने तो प्रांत उद्ध्वस्त झाला. प्रांताप्रांतांतून मदतीचा ओघ सुरू झाला. परदेशांतूनही माणसे आली. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल तर स्वयंसेवकांना घेऊन खेडी उभारायला आले. राजेंद्रबाबूंच्या मदत समितीचा पैसा सांभाळायचे काम कुमारप्पांकडे होते. स्वयंसेवकाच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, असा नियम त्यांनी घालून दिला. पुढे खुद्द गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा त्यांचा खर्च निधीतून करायला कुमारप्पांनी नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा, पाहुण्यांचा नव्हे. गांधीजींना ते पटले. त्यांनी आपल्या लोकांचा खर्च वेगळा करायला सांगितले. दुसऱ्याच्या दुःखासाठी आलेला पैसा म्हणजे ठेव, हा त्यांचा पहिला नियम.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग संघाला दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून तिची मगनवाडी झाली. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. इथे हातकागद, मधमाशीपालन, तेलघाणी यांचे प्रयोग सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांतले कार्यकर्ते इथे शिकायचे आणि आपापल्या मुलखात जाऊन ते काम उभे करायचे. इथे सुधारलेली बैलघाणी तर वर्धा घाणी याच नावाने दूरवर ओळखली गेली. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. विझलेल्या धंद्यांना गावातल्याच मालाने पुन्हा पेटवायचे, बाहेरचा पैसा फक्त काडी ओढण्यापुरता, अशी ही रीत होती.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने उद्योगांची पाहणी करायचे ठरवले तेव्हाही कुमारप्पांनाच बोलावले. मराठी आणि हिंदी मुलूख एकाच पाहणीत आले. ६०६ खेडी पाहून समितीने १९३९ मध्ये अहवाल दिला. मंत्रालयातून खाली न पाहता खेड्यातून वर पाहणारा असा अहवाल त्या काळी विरळाच होता.

बेचाळीसच्या आंदोलनानंतर त्यांना जबलपूरच्या तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचा आपला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. कोळसा आणि खनिज तेल हा साठा आहे, उपसाल तसा संपणार. पीक, ऊन, वाहते पाणी, जनावरांची शक्ती हा ओघ आहे, दरवर्षी नव्याने येणारा. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर एक मुद्दल, दुसरे व्याज. मुद्दल खाऊन चाललेल्या संसाराला कुणी संपन्न म्हणत नाही. देशाला मात्र म्हणतात! पुढे १९७३ मध्ये इंग्लंडात शूमाखर यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतला. तोवर आपण त्यांना बरेचसे विसरलो होतो.

त्याला कारणही होते. कुमारप्पा स्वराज्यातही गप्प बसले नाहीत. १९५२ मध्ये अमेरिकी मदतीने सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा त्यांनी तिच्यावर कडक टीका केली. ही टीका दरवेळी न्याय्यच होती, असे मी म्हणणार नाही. भुकेल्या देशाला धान्य तातडीने हवे होते आणि सरकारपुढे दुसरे मार्ग फार नव्हते. वर्ध्याजवळ सेलडोहला आश्रम काढून हा अविवाहित, तापट, एकाकी माणूस शेतीचे प्रयोग करत राहिला. शेवटी प्रकृती ढासळली, तमिळ मुलखात परतावे लागले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ते गेले.

आज पाणी, जंगल, हवामान यांचे प्रश्न एका जिल्ह्याचे वा एका देशाचे राहिलेले नाहीत, म्हणून निधीही सीमा ओलांडून येतो. तो घेऊ नये असे कोण म्हणेल? महाराष्ट्रात जर्मन मदतीने पाणलोट विकासाचे काम झाले. त्यात गावाला आधी श्रमदान करावे लागे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पत्करावी लागे. ही अट कुमारप्पांना आवडली असती. कारण पैसा खर्च झाला का, हा त्यांचा अर्धाच प्रश्न होता. पैसा थांबल्यावर गावाचे काय चालू राहिले, हा उरलेला अर्धा.

रिकाम्या दावणीसमोर उभा असताना हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी प्रमाणपत्र पुन्हा तपासले आणि परत आलो.