ज्याने अमेरिकेला बॅले शिकवला, त्याचाच तोल जाऊ लागला. आजाराचं नाव मात्र मृत्यूनंतर कळलं

१९७८ साल. न्यूयॉर्कमध्ये एका ७४ वर्षांच्या माणसाचा नाचताना तोल जाऊ लागला. या वयात तोल जाणं ही काही बातमी नव्हे. पण हा माणूस होता जॉर्ज बॅलन्शिन, अमेरिकेत बॅले रुजवणारा नृत्यदिग्दर्शक.

बॅलन्शिन यांचा जन्म १९०४ चा, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा. वडील जॉर्जियन संगीतकार. नवव्या वर्षी पोराला सरकारी नृत्यशाळेत घातलं. पुढे क्रांती झाली, उपासमार आली. १९२४ मध्ये ते नृत्याच्या दौऱ्यासाठी युरोपात गेले आणि परत फिरलेच नाहीत. १९३३ ला अमेरिका गाठली, पुढच्याच वर्षी नृत्यशाळा काढली आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले उभी केली. आयुष्यात चारशेहून जास्त नृत्यं बसवली.

आजारपण त्यांनी घरात आधीच पाहिलं होतं. १९५६ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असताना त्यांची पत्नी तनाकिल ल क्लेर्क हिला पोलिओ झाला. संस्थेच्या या प्रमुख नर्तकीचे पाय कायमचे गेले. काम बाजूला ठेवून बॅलन्शिन तिच्या शुश्रूषेला बसले. पण पोलिओचा विषाणू माहीत होता, त्यावर लसही आली होती. त्यांच्या स्वतःच्या आजाराचं तसं नव्हतं.

आधी तोल गेला. मग नजर आणि कान दगा देऊ लागले. १९८२ पर्यंत ते पूर्ण परावलंबी झाले आणि दवाखान्यात दाखल झाले. ३० एप्रिल १९८३ रोजी ते गेले. मेंदूची तपासणी झाली तेव्हा आजाराचं नाव कळलं: क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजेच सीजेडी. १९२० च्या सुमारास ज्या दोन जर्मन डॉक्टरांनी या आजाराची नोंद केली, त्यांचीच ही नावं.

योगायोग बघा. ज्या १९८२ मध्ये बॅलन्शिन दवाखान्यात होते, त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅन्ली प्रुसिनर यांनी या आजारामागच्या गुन्हेगाराला प्रायॉन हे नाव दिलं. तो ना जिवाणू, ना विषाणू. ते नुसतं प्रथिन. अनेकांना हे पटेना. पण १९९७ मध्ये प्रुसिनर यांना नोबेल मिळालं.

मग हे प्रथिन करतं तरी काय?

हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतंच. एखाद्याची घडी चुकीची पडते आणि ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखंच करतं. दुधात विरजणाचा थेंब पडावा तसं. फरक इतकाच, की विरजणात जिवंत जिवाणू असतात आणि इथे जिवंत काहीच नाही. त्यामुळे प्रतिजैविकं चालत नाहीत. मेंदूच्या पेशी मरतात आणि मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात.

सुमारे ८५ टक्के रुग्णांत ही घडी का बिघडली, हे कळत नाही. १० ते १५ टक्क्यांत दोष जनुकात, म्हणजे घराण्यात असतो. बाहेरून लागण होणारे अगदी थोडे. पापुआ न्यू गिनीत मृत नातेवाइकांचा मेंदू खाण्याच्या प्रथेतून कुरू पसरला, तर ब्रिटनमध्ये वेड लागलेल्या गायींच्या मांसातून सीजेडीचाच एक वेगळा प्रकार माणसांत आला.

जगात दरवर्षी दहा लाखांमागे एक-दोघांना सीजेडी होतो. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख. म्हणजे याच हिशोबाने वर्ध्यातही वर्षाला एक-दोन घरांत हा आजार येऊ शकतो आणि म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणून सोडून दिला जाऊ शकतो.

ओळखायचं कसं? साध्या विसराळूपणाला वर्षं लागतात. सीजेडीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत माणूस झपाट्याने बदलतो: चाल अडखळते, दिसणं बिघडतं, हातापायांना अचानक झटके येतात. बहुतेक रुग्ण वर्षभरात जातात. बॅलन्शिन यांच्यासारखा पाच वर्षं रेंगाळणारा आजार विरळाच.

आज एमआरआय आणि मणक्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीवरून रुग्ण जिवंत असतानाच बरीचशी खात्री करता येते. उपचार अजून नाही. तरीही मेंदूविकारतज्ज्ञाकडे लवकर जायला हवं, कारण अशीच लक्षणं दाखवणारे काही आजार औषधाने बरे होतात. आणि सीजेडीच निघाला, तरी रुग्णाला वेगळं टाकू नका. हात धरल्याने, जवळ बसून भरवल्याने तो पसरत नाही.