धातूतील अदृश्य प्रवाह उलगडणारे शास्त्रज्ञ लेआँ फूको

हवाई बेटांवर २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या एका विमानाचे छत उड्डाणातच उखडले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. रिव्हेटलगतच्या बारीक भेगा वेळीच हेरल्या न गेल्याने ही दुर्घटना घडली होती. धातूला धक्का न लावता अशा भेगा शोधण्याची एक खात्रीची पद्धत म्हणजे एडी करंट चाचणी. ती ज्या आवर्त विद्युत प्रवाहांवर आधारलेली आहे, त्यांना फूको प्रवाह असेही म्हटले जाते. हे नाव फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूको यांच्यावरून पडले आहे.

फूको यांचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्ये एका प्रकाशकाच्या घरी झाला. प्रकृती नाजूक असल्याने त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. वैद्यकीय शिक्षण त्यांनी सुरू केले. मात्र रक्त पाहणे सहन होत नसल्याने ते अर्धवट सोडले. पुढे त्यांनी वृत्तपत्रात विज्ञानविषयक लेखन केले. उच्च गणिताचे रीतसर शिक्षण नसल्यामुळे विद्वानांच्या वर्तुळात त्यांची बरीच उपेक्षा झाली. हातातले कसब हेच त्यांचे भांडवल होते.

प्रकाशाचा वेग हवेपेक्षा पाण्यात कमी असतो, हे त्यांनी १८५० मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून त्यांनी पृथ्वीचे परिवलन लोकांना प्रत्यक्ष दाखवले.

चुंबक आणि फिरती तांब्याची चकती यांचा परस्परांवर होणारा परिणाम आरागो यांनी आधीच टिपला होता आणि फॅरडे यांनी त्याचे कारण सांगितले होते. फूको यांनी १८५५ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी चकती फिरती ठेवण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो आणि ती तापते, हे त्यांनी सिद्ध केले. चकतीत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह त्या श्रमाचे उष्णतेत रूपांतर करत होते. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदकाने गौरवले.

दुर्बिणीच्या आरशातील सूक्ष्म दोष धारदार पात्याच्या साहाय्याने हेरण्याची सोपी पद्धतही त्यांनीच शोधली. फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मात्र त्यांना १८६५ मध्ये मिळाले. दोनच वर्षांनी जडलेल्या आजाराने त्यांची वाचा आणि दृष्टी हिरावली. ११ फेब्रुवारी १८६८ रोजी वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.

मोटार आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये हे प्रवाह ऊर्जेची नासाडी करतात. पण याच प्रवाहांचा उपयोग करून डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये निरनिराळे धातू वेगळे ओळखून दाखवले. विसाव्या शतकात जर्मनीच्या फ्रीडरिश फर्स्टर यांनी ही पद्धत कारखान्यांत रुजवली. प्रत्यावर्ती प्रवाह वाहणारे वेटोळे धातूजवळ नेले की धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात. वाटेत भेग आली की त्यांना वळसा घ्यावा लागतो आणि तो बदल उपकरणावर उमटतो. पृष्ठभागावरील आणि त्याच्या लगतचे दोष या रीतीने कळतात. खोलवरच्या दोषांसाठी अन्य चाचण्या कराव्या लागतात.

दिल्लीत २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात फूको यांचा लंबक बसवण्यात आला आहे. लंबकाने त्यांना कीर्ती दिली. तापलेल्या चकतीचा हा उपयोग मात्र त्यांच्या हयातीत कोणाच्याही दृष्टीस पडला नाही.