मेरी रसेल (बेडफर्डच्या डचेस)

मेरी ड्यू कॉरॉय रसेल (जन्म : २६ सप्टेंबर १८६५, स्टॉकब्रिज, हॅम्पशायर, इंग्लंड, मृत्यू : २२ मार्च १९३७) या ब्रिटिश परिचारिका, रुग्णालयांच्या संस्थापक, पक्षिनिरीक्षक आणि हौशी वैमानिक होत्या. बेडफर्डच्या ११व्या ड्यूकच्या त्या पत्नी. तारुण्यात जडलेला बहिरेपणा आणि कानातील अखंड आवाज यांनी त्रस्त झालेल्या मेरी यांनी साठीनंतर विमानविद्येत विसावा शोधला. ब्रिटनमध्ये त्या ‘फ्लाइंग डचेस’ या नावाने ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन

त्यांचे माहेरचे आडनाव ट्राइब. वडील वॉल्टर हॅरी ट्राइब हे अँग्लिकन धर्मोपदेशक असून पुढे लाहोरचे आर्चडीकन झाले. शिक्षण संपवून मेरी आईवडिलांकडे भारतात आल्या. येथील वास्तव्यात त्यांना विषमज्वर झाला. त्यातून त्या वाचल्या. मात्र त्यांच्या श्रवणशक्तीला कायमची इजा पोहोचली. बहिरेपण वयानुसार वाढत गेले आणि त्यासोबत कर्णनादही आला. बाहेर शांतता असतानाही रुग्णाला कानात सतत गुणगुण किंवा घणघणाट ऐकू येणे, हे या विकाराचे लक्षण होय.

भारतातच त्यांची लॉर्ड हरब्रँड रसेल यांच्याशी ओळख झाली. ते तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या सेवेत होते. जानेवारी १८८८ मध्ये बराकपूर येथे दोघांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्यांना पुत्र झाला. १८९३ मध्ये थोरल्या भावाच्या निधनानंतर हरब्रँड यांना ड्यूक हे पद मिळाले आणि मेरी बेडफर्डशायरमधील वोबर्न अॅबी या विशाल वाड्याच्या स्वामिनी झाल्या.

रुग्णसेवा

सरदारघराण्यातील स्त्रीने दानधर्म करावा, प्रत्यक्ष श्रम करू नयेत, अशी त्या काळची रीत होती. मेरी यांनी ती मानली नाही. १८९८ मध्ये वोबर्न येथे त्यांनी एक लहान रुग्णालय उघडले आणि १९०३ मध्ये त्याहून मोठे रुग्णालय बांधले. पहिल्या महायुद्धात अॅबीच्या आवारातील घोडेस्वारीची शाळा आणि बंदिस्त टेनिस-मैदान यांचे लष्करी रुग्णालयात रूपांतर झाले. तेथे त्या परिचारिका म्हणून राबल्या. शस्त्रक्रियागृहातील साहाय्य आणि पुढे क्ष-किरण विभागाचे कामही त्यांनी आत्मसात केले. १९२८ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी कर नाकारणाऱ्या संघटनेच्या त्या सदस्य होत्या. पक्षिनिरीक्षणासाठी त्या शेटलंड द्वीपसमूहातील फेअर आइल या दुर्गम बेटावर वारंवार जात. त्यांची पक्षिविषयक रोजनिशी मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

विमानोड्डाण

१९२६ मध्ये मेरी यांनी विमानप्रवासाचा पहिला अनुभव घेतला. हवेत असताना कानातील त्रास कमी होतो, असे त्यांना जाणवले. सतत चालणारा बाह्य ध्वनी कर्णनादाला काही काळ झाकून टाकतो, हे पुढे वैद्यकातही मान्य झाले. ध्वनीच्या साहाय्याने दिलासा देण्याचे उपचार त्याच तत्त्वावर आधारलेले आहेत. एरवी माणसांच्या संभाषणापासून त्यांना दूर लोटणारा बहिरेपणा इंजिनाच्या गर्जनेत अडसर ठरत नसे. हा विकार विमानाने बरा झाला नाही. उड्डाणापुरती त्यातून सुटका मात्र होत असे. रुग्णालयाचे काम सांभाळून त्या पुन्हापुन्हा आकाशात गेल्या, त्यामागे हे मोठे कारण होते.

ऑगस्ट १९२९ मध्ये वैमानिक चार्ल्स बर्नार्ड यांच्यासमवेत त्यांनी ‘स्पायडर’ या फोकर विमानातून इंग्लंड ते कराची आणि परत असा प्रवास केला. सुमारे १६,००० किलोमीटरचे हे अंतर आठ दिवसांत पार झाले. एप्रिल १९३० मध्ये त्याच विमानाने त्यांनी केपटाउन गाठले. दहा दिवसांच्या या प्रवासात प्रत्यक्ष उड्डाणकाळ ९१ तास २० मिनिटे होता. या दोन्ही विक्रमी प्रवासांत विमान चालविण्याची मुख्य जबाबदारी बर्नार्ड यांच्याकडे होती.

मेरी यांना केवळ प्रवासी राहायचे नव्हते. प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी, त्यांनी पहिले एकल उड्डाण केले. त्या डी हॅविलंड मॉथ जातीचे विमान चालवीत. हे हलके, द्विपंखी, दोन आसनांचे आणि उघड्या कक्षाचे विमान तत्कालीन हौशी वैमानिकांत लोकप्रिय होते. अशा विमानांत सहसा रेडिओ नसे. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारे रस्ते, नद्या व लोहमार्ग यांच्या आधारे दिशा ठरवावी लागे. त्यामुळे दृश्यता बिघडली की धोका झपाट्याने वाढे.

मृत्यू

२२ मार्च १९३७ रोजी दुपारी मेरी वोबर्नहून मॉथमधून एकट्याच निघाल्या. एकल उड्डाणाचे २०० तास पूर्ण होण्यास थोडाच अवधी उरला होता. त्या परतल्या नाहीत. काही दिवसांनी विमानाचे अवशेष इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वाहून आले. त्यावरून विमान उत्तर समुद्रात कोसळले असा निष्कर्ष निघाला. त्यांचा मृतदेह सापडला नाही. मृत्युसमयी त्या ७१ वर्षांच्या होत्या.