यवतमाळला समुद्र नव्हता, म्हणून बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला

१९३० साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं आणि देशभर लोक मिठाचा कायदा मोडायला निघाले. पण यवतमाळकरांपुढे वेगळाच प्रश्न होता. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग इंग्रजांचा कुठला कायदा मोडायचा?

उत्तर सापडलं जंगलात आणि पुढे झाले माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणतात.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. शिक्षण झाल्यावर ते यवतमाळला वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांना गुरू मानून राजकारणात उतरले आणि वऱ्हाडातले मोठे पुढारी झाले.

तेव्हा वऱ्हाड कागदावर निजामाचं होतं, राज्य मात्र इंग्रज करत होते. १९०२ साली त्यांनी हा मुलूख कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला होता.

या राजवटीत सरकारने जंगलं राखीव केली होती. गावाला लागून असलेल्या रानातून गवताचा भारा आणायचा, सरपण तोडायचं, गुरं चारायची, तर परवानगी घ्या आणि पैसे भरा. नाहीतर दंड. ज्याचं घर चार गुरांवर चालायचं त्याला मिठापेक्षा हा कायदा जास्त जाचक होता. म्हणूनच तो मोडायचं ठरलं.

१० जुलै १९३० ला बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापलं. सरकारने त्यांना अटक करून तुरुंगात धाडलं. पण जंगल सत्याग्रह थांबला नाही. त्याच महिन्यात संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ सत्याग्रह केला आणि तुरुंगवास भोगला.

बापूजी मात्र कुणाच्या मागे डोळे झाकून गेले नाहीत. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावरून मतभेद झाले आणि त्यांनी पंडित मालवीयांसोबत वेगळा पक्ष काढला.

१९४१ मध्ये तर ते थेट व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. कालचा सत्याग्रही आज सरकारात, हे अनेकांना पटलं नाही. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये कैदेतल्या गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. तेव्हा बापूजींनी राजीनामा दिला.

स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले, पुढे नागपूरचे खासदार झाले. वेगळ्या विदर्भाची मागणीही त्यांनी लावून धरली. २६ जानेवारी १९६८ ला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. टिळकांवर त्यांनी संस्कृतात लिहिलेल्या महाकाव्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आज यवतमाळात त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. पण शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या चाऱ्याचा प्रश्न त्यांनी स्वातंत्र्याच्या लढ्याला जोडला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.