विश्लेषण : मृत्यूची रोज तयारी म्हणजे काय? थॉमस मोर शिरच्छेदाला इतक्या शांतपणे कसे सामोरे गेले?

इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर सर थॉमस मोर यांचा ६ जुलै १५३५ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. वधस्थळी ते शांत होते, थट्टामस्करीही करत होते. हे धैर्य ऐनवेळी आलेले नव्हते. त्यामागे तीसहून अधिक वर्षांची रोजची तयारी होती.

थॉमस मोर कोण होते?

मोर यांचा जन्म १४७८ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. थॉमस यांनीही वकिलीच केली. १५१६ मध्ये त्यांचे ‘युटोपिया’ प्रसिद्ध झाले आणि आदर्श राज्यासाठी जगाला नवा शब्द मिळाला. राजा आठव्या हेन्रीने १५२९ मध्ये त्यांना लॉर्ड चॅन्सेलर केले. या पदावर असताना त्यांनी प्रोटेस्टंट सुधारकांविरुद्ध कठोर भूमिका घेतली. पाखंडी ठरवलेल्या काही जणांना त्या काळात जिवंत जाळण्यात आले. त्यांच्या चरित्राची ही बाजू आजही वादाची आहे.

मृत्यूची तयारी ही संकल्पना काय?

चौदाव्या शतकातील प्लेगनंतर युरोपात मृत्यू घरोघरी परिचयाचा झाला. चांगले मरण कसे यावे, हे सांगणाऱ्या पुस्तिका पंधराव्या शतकात लोकप्रिय होत्या. मरणाची घटका कोणालाच ठाऊक नाही, म्हणून देवापुढचा हिशेब रोज चोख ठेवावा, हे त्यामागचे सूत्र. मृत्यू, अंतिम न्याय, नरक आणि स्वर्ग या चार गोष्टींवर मोर यांनी १५२२ च्या सुमारास ग्रंथ लिहायला घेतला. तो अपूर्णच राहिला. फाशीच्या दोन कैद्यांचा दाखला त्यात आहे. दोघे गाडीतून निघाले. एकाचे वधस्थळ मैलभरावर, दुसऱ्याचे शंभर मैलांवर. वाट लांब असली म्हणून दुसऱ्याने आनंद मानावा का, असा मोर यांचा मुद्दा होता. त्यांच्या मते तरुण आणि म्हाताऱ्यात फरक एवढाच.

रोजच्या जगण्यात ही तयारी कशी दिसे?

तरुणपणी मोर सुमारे चार वर्षे लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सहवासात राहिले. मात्र ते संन्यासी झाले नाहीत. त्यांनी संसार केला. पण प्राण्याच्या केसांचे टोचणारे वस्त्र ते अंगरख्याखाली गुपचूप घालत. ते धुण्याचे काम थोरली मुलगी मार्गारेट करी. चेल्सीच्या घराजवळ त्यांनी प्रार्थना आणि वाचनासाठी वेगळी इमारत बांधली होती. शुक्रवार तिथेच जाई. जेवताना धर्मग्रंथाचे वाचन होई, मग हास्यविनोद. १५३२ मध्ये पद सोडल्यावर त्यांनी चेल्सीच्या चर्चमध्ये स्वतःची कबर तयार केली आणि तिच्यावरचा मजकूरही स्वतःच लिहिला.

कसोटीचा क्षण कोणता?

राणी कॅथरीनशी झालेला विवाह रद्द करून हेन्रीला ॲन बोलिनशी लग्न करायचे होते. पोपने नकार दिल्यावर त्याने इंग्लंडचे चर्च रोमपासून तोडले. ॲनच्या संततीचा वारसाहक्क मान्य करण्याची शपथ १५३४ मध्ये सक्तीची झाली. शपथेच्या मसुद्यात पोपची सत्ता नाकारणेही आले. मोर यांनी ती घेतली नाही. १७ एप्रिलला त्यांची रवानगी टॉवरच्या कैदेत झाली.

म्हणजे त्यांना मरायचे होते का?

नाही. नकाराचे कारण त्यांनी उघड केले नाही, कारण मौनाला राजद्रोह ठरवता येणार नाही, हे त्यांच्यातील वकिलाला ठाऊक होते. पत्नी ॲलिसला हा हट्ट पटत नव्हता. मार्गारेटनेही शपथ घेण्यासाठी मन वळवून पाहिले. यातनांची भीती वाटते, हे मोर यांनी लपवले नाही. गेथशेमाने बागेत येशूही व्याकूळ झाला होता, यावर त्यांनी कैदेत चिंतन लिहिले. भीती वाटणे हे पाप नाही, तिच्यापायी विवेक सोडणे हे पाप, असे त्यांचे म्हणणे होते. जूनमध्ये पुस्तके आणि लेखनसाहित्य काढून घेतल्यावर त्यांनी कोळशाने पत्रे लिहिली.

अखेर काय झाले?

१ जुलैच्या खटल्यात रिचर्ड रिच यांच्या साक्षीवर मोर दोषी ठरले. ही साक्ष खोटी असल्याचे त्यांनी न्यायालयातच सांगितले. ५ जुलैला त्यांनी मार्गारेटला शेवटचे पत्र लिहिले आणि ते टोचणारे वस्त्रही तिच्याकडे पाठवले. शिरच्छेदानंतर मस्तक लंडन ब्रिजवर टांगण्यात आले. ते मार्गारेटने मिळवले. धड टॉवरमधील चॅपेलमध्ये पुरण्यात आले. रोमन कॅथलिक चर्चने १९३५ मध्ये त्यांना संत घोषित केले, तर २००० मध्ये राजकारण्यांचे आश्रयदाते संत. चेल्सीच्या चर्चमध्ये त्यांनी लिहिलेला मजकूर आजही आहे. त्यांचा देह मात्र तिथे कधी पोहोचलाच नाही.